हिरव्या गाडीचा दुसरा गिअर

गिअर कसा पडतो यावर मार्क देणं, हे माझं नोकरीतलं काम होतं. पुण्याजवळच्या एका मोटार कारखान्याच्या चाचणी विभागात मी एकोणतीस वर्षं काढली. नवीन गिअरबॉक्स बसवलेली गाडी यायची, ती मी दिवसभर चालवायची आणि संध्याकाळी प्रत्येक गिअरला दहापैकी मार्क द्यायचे. दांडीला किती जोर लागतो त्याचा आलेख काढणारी यंत्रं होती. पण आलेख सुरेख आणि हाताला मात्र गिअर वाईट लागतो, असं कितीदा तरी व्हायचं. मग साहेब लोक माझ्याकडे बघायचे. फॉर्म इंग्रजीत भरायचा, पण आम्हा चाचणीवाल्यांचे आपसातले शब्द वेगळे होते. गिअर जागेवर बसायला कुरकुर करत असेल तर तो 'आढेवेढेवाला'. दांडी रबरासारखी वाकून मग पडत असेल तर 'गुळमुळीत'. हात लावायच्या आत खाडकन ओढून घेत असेल तर 'हावरा'.

नोकरी मी मुदतीच्या चार वर्षं आधी सोडली. त्याचं कारण पुढे सांगते, कारण या गोष्टीत त्याचा संबंध आला. नवरा आधीच गेला होता. मुलगी हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये, जावईही तिथेच. त्यांनी चिक्कडपल्लीत फ्लॅट घेतला आणि मला बोलावून घेतलं.

त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक मराठी कुटुंब होतं. आमच्यासारखं पुण्या-मुंबईहून आलेलं नव्हे, तीन पिढ्यांपासून इथलंच. मूळचे नांदेडकडचे शेतकरी. आजोबा शहरात आले आणि सुलतान बाजारात कापडाचं दुकान घातलं. त्या घरातल्या गृहस्थांना सगळी इमारत भाऊ म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. वय सदुसष्टच्या आसपास, उंच, पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट. त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मी गोंधळायची. "तकलीफ होत असंल तर सांगा ताई, परेशान नका होऊ," असं ते अगदी सहज बोलायचे. वहिनी मात्र कमी बोलायच्या. डबा भरून दारात आणून द्यायच्या आणि हसून जायच्या.

भाऊंची एक गाडी होती. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये बनलेली, दोन सीटची, छत मागे पडणारी, गडद हिरवी. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये ती त्यांना कोंबड्यांच्या विष्ठेखाली सापडली होती, आणि दहा-बारा वर्षं खपून त्यांनी ती उभी केली होती. तळघरातल्या पार्किंगमध्ये तिच्यावर सुती चादर असायची. रविवारी सकाळी चादर निघायची, भाऊ गाडी घेऊन टँकबंडला, तलावाच्या बांधावरच्या रस्त्याला, एक चक्कर मारून यायचे. आठवड्याचा तो त्यांचा सण.

माझ्या मुलीने एकदा लिफ्टमध्ये त्यांना सांगून टाकलं की आई गिअरबॉक्स तपासायची. दुसऱ्याच दिवशी ते दारात.

"ताई, एक काम होतं. गाडीचा दुसरा गिअर आवाज करायलाय. दाताखाली खडा यावा तसा. उस्तादनं दोनदा बक्सा खोलला, म्हणतो काहीच नाही. मी म्हणलो, उस्ताद, तुमचं वय झालं, हात चुकायलाय तुमचा. आता दुसरीकडं न्यायची म्हणतो. पण त्याआधी कुणीतरी जाणकारानं बघावं. तुम्ही बघता का?"

उस्ताद म्हणजे अफझलगंजच्या मागच्या गल्लीतले एक म्हातारे मेकॅनिक. ही गाडी त्यांनीच हाताने जुळवली होती. भाऊंच्या आवाजात त्यांच्याबद्दल राग होता आणि त्या रागाचं त्यांना स्वतःलाच वाईटही वाटत होतं.

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नोकरी सोडल्यापासून तीन वर्षांत कुणी मला कामाचं असं काही विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. आधी मी चालवणार आणि मग भाऊ, असं ठरलं. सीट खाली, रस्त्याला टेकल्यासारखी. डाव्या हाताला आखूड दांडी, वर झिजलेला काळा गोळा. तो मुठीत धरायचा नसतो. मूठ आवळली की आपल्याच हाताचा जोर आपल्याला कळतो, गिअरचा नाही. अंगठा आणि दोन बोटं, एवढंच. मी इंजिन बंद ठेवून आधी दांडी न्यूट्रलमध्ये डावी-उजवी हलवून पाहिली. ढिली नव्हती. मग गाडी सुरू केली. या जुन्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो. सिंक्रो म्हणजे बॉक्समधल्या दोन दातेरी चाकांचे वेग जुळवून देणारी पितळी कडी. ती नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. तो टाकला, निघालो, आणि थंड तेलातच दुसरा टाकला. दुसऱ्याची खरी परीक्षा तेव्हाच असते. कच्चा गिअर गारठ्यात लगेच उघडा पडतो.

तो पडला. किंचित अडला, मग आत गेला आणि आत गेल्याची एक बारीकशी ठक हाताला लागली. मी तिसऱ्यावरून परत दुसऱ्यावर आणला. मुद्दाम घाईने आणला, मुद्दाम रेंगाळत आणला. इंदिरा पार्कपासून टँकबंडपर्यंत मी त्याला सगळीकडून छळलं. तेल तापल्यावर तर तो आणखी सुधारला. एवढ्या जुन्या बॉक्सला मी आठ दिले असते, आणि आमच्या विभागात आठ सहजासहजी कुणाला मिळत नसत.

"कसा आहे?" भाऊ.

"आता तुम्ही चालवा," मी म्हटलं.

आम्ही जागा बदलल्या. क्लचचं पेडल मला मघाशीच जरा विचित्र वाटलं होतं. त्याच्या रबराखाली बोटभर जाडीचा लाकडी ठोकळा स्क्रूने बसवलेला होता. भाऊ निघाले आणि दुसऱ्यालाच करकर आवाज आला. परत तिसऱ्यावरून दुसरा, परत करकर. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. हात उत्तम होता, माझ्यापेक्षा हळुवार. मग मी खाली पाहिलं. डावा पाय क्लच दाबत होता, पण पेडल पायाखालच्या फळीपासून चांगलं चार बोटं वर थांबत होतं. क्लच पूर्ण सुटतच नव्हता. अशा वेळी कोणताही गिअर ओरडणारच.

तलावाच्या कडेला गाडी थांबवायला सांगितली. इंजिन बंद केलं.

"भाऊ, क्लच अगदी शेवटपर्यंत दाबा बरं एकदा."

त्यांनी दाबला. पेडल तिथेच थांबलं. त्यांनी परत जोर लावला, मांडी थरथरली, आणि मग त्यांचा डावा हात आपसूक गुडघ्यावर गेला आणि गुडघा ढकलू लागला. तेव्हा पेडल फळीला टेकलं. हात गुडघ्यावर आहे हे त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी तो झटकन उचलला.

"सीट मागं सरकलीय काय की," ते म्हणाले. मी सीट पुढे घेऊन दिली. तरी तेच. "मग स्प्रिंग कडक केलीय उस्तादनं. कळलं आता. बुधवारी जातो त्याच्याकडं. तुम्हीही चला. तुमच्या तोंडानं सांगा त्याला."

मी तिथेच बोलायला हवं होतं. बोलले नाही. पेडलची स्प्रिंग मऊ होती, माझ्या पायाने ती सहज दाबली होती.

बुधवारच्या आधी, मंगळवारी, मी नातीच्या वह्या घ्यायला सुलतान बाजारात गेले आणि तिथून रिक्षाने अफझलगंजला उतरून उस्तादांची गल्ली शोधून काढली. छोटं वर्कशॉप, वर पत्रा. उस्ताद स्टुलावर बसून एक कार्ब्युरेटर पुसत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला बसायला गाडीचं जुनं सीट दिलं.

"उस्ताद, बॉक्समध्ये काही दोष नाही ना?"

"नहीं अम्मा. दो बार खोल के देखा मैं. नए जैसा है."

"आणि पेडलवरचा तो लाकडी ठोकळा?"

ते पुसायचे थांबले. बराच वेळ त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "मैंइच लगाया. साब को बोला नहीं. उनों का पाँव पूरा जाता नहीं, तो मैं सोचा पेडल को पाँव के पास ला दूँ. थोड़े दिन चला. अब उससे भी नहीं होता."

"मग सांगितलं का नाही तुम्ही? ते तुमच्या हाताला दोष देतायत."

"देने दो. मेरा हाथ बदनाम हुआ तो हुआ. तीस बरस का साथ है अम्मा. उनों को मैं कैसा बोलूँ, साब तुम्हारा पाँव जा रहा बोल के?"

परत येताना माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू होतं. नोकरी सोडायचं कारण सांगते म्हटलं ना, ते इथलं. गिअर पडतो कसा ते हाताला कळतं, पण चालताना गिअर शीळ घालतो का, हे कानाने ओळखावं लागतं. माझ्या कानाचा वरचा सूर हळूहळू गेला. मला ते कळलं नाही. माझ्या सहकाऱ्यांना कळलं. त्यांनी काय केलं, तर माझी गाडी तपासून झाली की एक जण ती गुपचूप परत चालवून यायचा आणि माझ्या कागदावर चुकलेला आकडा दुरुस्त करायचा. दीड वर्ष. एक दिवस मला माझा कागद दिसला, वेगळ्या शाईत. सगळ्यांनी ते माझ्यावरच्या मायेने केलं होतं, यात शंका नाही. पण त्या दीड वर्षात मी डॉक्टरकडे गेले असते तर काही वाचलं असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी रोज ऐटीत सही करत होते आणि मागे सगळे एकमेकांकडे पाहत होते. ते मनातून अजून जात नाही.

म्हणून बुधवारी उस्तादांकडे निघायच्या आधीच, पार्किंगमध्ये, चादर काढता काढता मी भाऊंना सांगितलं.

"भाऊ, आपण जाऊ नये. बॉक्स उत्तम आहे, स्प्रिंगही बरोबर आहे. तुमचा डावा पाय क्लच पूर्ण दाबत नाहीये. पायातली ताकद कमी झालीय. डॉक्टरला दाखवा, आणि लवकर दाखवा."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग परत आला, जास्तीचा.

"मी तुम्हाला गाडी दाखवली ताई. पाय नव्हता दाखवला."

"मला माहीत आहे."

"दुकानात दिवसभर उभा राहतो मी. तिथलेच चार जिने चढतो. तुम्ही पुण्याहून आल्या, दोन किलोमीटर गाडी चालवली आणि माझा पाय गेला म्हणता?"

मी त्यांना माझ्या कानाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण ती त्यांनी पूर्ण ऐकली नाही. चादर पुन्हा गाडीवर ओढली आणि जिन्याकडे गेले. लिफ्ट टाळून जिन्याने चढले, मला दिसावं म्हणून. कठड्याला धरून.

घरी मुलीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, तू गाडीला मार्क द्यायचेस, माणसाला कशाला दिलेस?" मला त्या रात्री जेवण गेलं नाही. खरं बोलणं वेगळं आणि कसं बोलायचं ते कळणं वेगळं. मी निदान त्यांना बसवून, पाणी देऊन, माझ्या कानापासून सुरुवात करायला हवी होती. चाचणीच्या कागदासारखं उभ्या उभ्या सांगून टाकलं.

तीन आठवडे भाऊ माझ्याशी बोलले नाहीत. तिन्ही रविवार चादर निघाली नाही. डबेही येईनासे झाले.

मग एका दुपारी वहिनी आल्या. दारातून आत येऊन बसल्या, असं त्या पहिल्यांदाच करत होत्या.

"ताई, तुम्ही ह्यांना काय म्हणालात ते मला खरं खरं सांगा."

मी सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले. जिना उतरताना भिंतीला हात लावतात. नमाजाला निघालेल्या माणसासारखे सकाळी उठून एकटेच गच्चीवर जातात आणि चालायची प्रॅक्टिस करतात, कुणी बघू नये म्हणून. पँट शिवायला टाकली तर टेलर म्हणाला, डावी मांडी बारीक झालीय. मी गप्प बसले. मला वाटलं, मी बोलले की ते खरं होईल."

"वहिनी, आज जायचं का डॉक्टरकडे?"

"ते येत नाहीत. काल दुकानाच्या पायरीवर गुडघा मुडपून बसले एकदम. गिऱ्हाइकासमोर. घरी येऊन एक शब्द नाही बोलले. आज सकाळी फक्त म्हणाले, त्या ताईंचा कान कसा गेला म्हणे, विचार."

मी वहिनींबरोबर खाली गेले. भाऊ पलंगावर बसले होते. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि कानाची सगळी गोष्ट सांगितली, वेगळ्या शाईच्या कागदापर्यंत. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "तुम्हाला राग आला का त्यांचा, न सांगणाऱ्यांचा?"

"अजून येतो."

"मला सांगणाऱ्याचा आला," ते म्हणाले. आणि पलंगाखालच्या चपला पुढे ओढत, "चला. कोणत्या डॉक्टरकडं जायचं?"

कमरेच्या मणक्यात एक शीर दबली होती. मांडीला ताकद देणारी तीच. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी यायला हवं होतं, आणि आणखी सहा महिने उशीर केला असता तर काठीही पुरली नसती. ऑपरेशन झालं. ते व्यवस्थित पार पडलं, पण गेलेली सगळी ताकद परत येईल असं कुणी म्हटलं नाही. पाय उचलायचा, वाळूची पिशवी बांधून दहा वेळा, मग पंधरा वेळा. भाऊ चिडायचे, वहिनी मोजायच्या.

वॉकर घेऊन बाहेर पडायची परवानगी मिळाली, त्या दिवशी त्यांनी कुठे जायचं ते आधीच ठरवलं होतं. मी, ते आणि वहिनी टॅक्सीने अफझलगंजला गेलो. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली; पुढे वॉकर टेकत टेकत जायला त्यांना दहा मिनिटं लागली. उस्ताद त्यांना बघून उठायला लागले.

"बैठो उस्ताद," भाऊ म्हणाले. "मैं माफी माँगने आया. तुम्हारे हाथ को बुरा बोला मैं."

"अरे साब, क्या बातें करते."

"लकड़ी का टुकड़ा किसने लगाया, ताई बताए मेरे को."

उस्ताद तरीही उठून जवळ आले. त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, तो तेलकट आहे हे लक्षात येऊन काढून घेतला, आणि भाऊंनी तो धरून परत खांद्यावर ठेवला. इस्त्रीच्या शर्टावर काळी बोटं उमटली. वहिनींनी तो डाग काढायचा प्रयत्न केला की नाही, मी विचारलं नाही.

गाडीचं काय, हा प्रश्न उरला. भाऊंची मुलं परदेशातून फोनवर सांगत होती, विकून टाका. डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली होती. एक दिवस मीच सुचवलं. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे शेजारच्या सीटवर बसलेल्याचा उजवा हात आपोआप दांडीजवळ येतो. मी क्लच आणि स्टिअरिंग सांभाळते, भाऊ गिअर टाकतील.

पहिल्या रविवारी आमची फजिती झाली. मी "क्लच" म्हणायचे, तोवर त्यांनी दांडी ओढलेली असायची. किंवा ते वाट बघत बसायचे आणि मी पाय सोडून दिलेला असायचा. चौरस्त्यावर दुसरा गिअर असा किंचाळला की सिग्नलला उभे असलेले सगळे वळून पाहू लागले.

"हे कुणाचं?" भाऊंनी विचारलं.

"माझं. उशिरा दाबला मी."

"मग ठीक," ते म्हणाले आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

पुढे आम्ही शब्द सोडून दिले. माझा गुडघा हलला की त्यांचा हात हलायचा. ते अंगठा आणि दोन बोटांनी दांडी धरायचे. मी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांना माहीत होतं. टँकबंडच्या वळणावर तिसऱ्यावरून दुसरा एकदा असा पडला की मला तो पडल्याचं इंजिनाच्या सुरावरून कळलं, एरवी कळलंच नसतं. दोन माणसांनी मिळून टाकलेल्या गिअरला मार्क कसे द्यायचे, हे आमच्या फॉर्मवर कुठेच नव्हतं.

आता भाऊ काठी घेऊन चालतात. दुकानात उभं न राहता स्टुलावर बसतात. जिना चढताना कठडा धरतात आणि कुणी पाहिलं तरी सोडत नाहीत. पाय जेवढा परत यायचा होता तेवढा आला असावा.

गेल्या महिन्यात वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही कधी चार दिवस पुण्याला गेलात की गाडी कोण काढणार? मला जमेल का हो?" वहिनींचं वय चौसष्ट. आयुष्यात त्यांनी सायकलही चालवलेली नव्हती. आम्ही तळघरातल्या पार्किंगमध्येच सुरुवात केली. मी बाहेर उभी, वहिनी उजवीकडे पदर खोचून बसलेल्या, भाऊ डावीकडे, हात दांडीवर. पहिल्या सात वेळा गाडी आचके देऊन बंद पडली. आठव्यांदा ती एकदाची निघाली, खांबापर्यंत गेली आणि वहिनींनी दोन्ही पाय एकदम दाबून ती थांबवली.

"बघा, किती सोपं असतं," त्या भाऊंना म्हणाल्या. "एवढी वर्षं मला उगाच घाबरवलंत."